तालुक्यात ॲप आलं, आता स्पर्धा मोजायची कशी?

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. दुकान सासऱ्यांनी उभं केलं, परवाना आता माझ्या नावावर. शिवाय गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेब मी पाहते; ती कंपनी तूरडाळ ऑनलाइन विकते. म्हणजे बियाणं-औषधं विकणाऱ्या एका ॲपमुळे माझं गिऱ्हाईक जातं आणि दुसऱ्या ॲपमुळे आमच्या डाळीला गिऱ्हाईक मिळतं. हे आधीच सांगते, म्हणजे पुढच्या मजकुरात माझा स्वार्थ कुठे आहे ते तुम्हाला ओळखता येईल.

दुकानदारांच्या बैठकीत हल्ली एकच सूर असतो: "ॲपवाल्यानं धंदा बसवला, केस टाका त्याच्यावर." केस टाकता येते. पण स्पर्धा कायदा, २००२ हा दुकान वाचवायचा कायदा नाही. बाजारात स्पर्धा शिल्लक आहे की नाही, तेवढंच तो पाहतो. एखादं ॲप स्वस्त विकतं आणि कास्तकाराचे पैसे वाचतात, तर हा कायदा राबवणारा भारतीय स्पर्धा आयोग तुमच्या गल्ल्याकडे पाहून हळहळणार नाही. त्यामुळे रागावून अर्ज लिहिण्याआधी मोजणी करावी लागते. ती मी कशी करते ते इथे लिहिते. (या आयोगाचं इंग्रजी लघुरूप सीसीआय, पण आमच्याकडे सीसीआय म्हटलं की कापूस खरेदी करणारं महामंडळ आठवतं, म्हणून मी सगळीकडे 'आयोग' असंच म्हणेन.)

बाजार कोणता, ते आधी ठरवा

निम्म्या तक्रारी इथेच फसतात. "कृषी निविष्ठांचा बाजार", म्हणजे बियाणं, खतं, औषधं सगळं एकत्र, असं लिहिलंत तर ते आभाळाएवढं झालं, त्यात कुणीच मोठा दिसणार नाही. कायद्याच्या कलम १९ मध्ये बाजार दोन अंगांनी ठरवायला सांगितलंय: वस्तू कोणती आणि परिसर कोणता. त्यासाठी जगभर एक कसोटी वापरतात. समजा सगळा माल एकाच विक्रेत्याच्या हातात आहे आणि त्यानं भाव पाच ते दहा टक्के वाढवून तो वर्षभर तसाच ठेवला. गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल का? इतकं जाईल का, की भाव वाढवणं त्यालाच अंगलट येईल? तसं असेल तर तुम्ही बाजार फार लहान धरलाय. तो 'दुसरीकडे'ही त्यात धरा आणि कसोटी पुन्हा लावा.

ही कसोटी लावायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही, काउंटरवर उभं राहिलं तरी पुरे. फक्त "भाव वाढला तर कुठे जाल?" असं विचारू नका, लोक तोंडाला येईल ते सांगतात. "मागच्या वेळी माझ्याकडे माल नव्हता तेव्हा कुठून आणला?" असं विचारा. एका कास्तकाराचं उत्तर मी वहीत तसंच्या तसं लिहून ठेवलंय: "पन्नास रुपयांसाठी दारव्ह्याले कोण जाते बाई, पेट्रोल काय फुकट येते? पण हंगामाचं सारं सामान एकदम घ्याचं अशीन, तर यवतमाळलेही जातो." एकच माणूस, पण एका डब्यासाठी त्याचा बाजार गावापुरता आणि हंगामाच्या खरेदीसाठी जिल्ह्याएवढा.

आमच्याकडे तिसरं एक अंग आहे, ते म्हणजे तारीख. मे महिन्यात कपाशीची थैली तीन-चार दिवसांनी आली तरी कुणाचं काही बिघडत नाही, पेरणी पावसावर असते. तिथे ॲप आणि मी एकाच बाजारात आहोत. सप्टेंबर-ऑक्टोबरात गुलाबी बोंडअळीची गोष्ट वेगळी. कामगंध सापळ्यात (गंधानं पतंग ओढणाऱ्या सापळ्यात) सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की फवारणीची वेळ झाली असं समजतात. तेव्हा औषध उद्या सकाळी पंपात पडायला हवं. ज्या ॲपची पोच तीन दिवसांनी आहे ते त्या आठवड्यात माझं प्रतिस्पर्धी नाहीच. पण त्याच ॲपनं तालुक्याच्या गावी गोदाम टाकलं आणि संध्याकाळपर्यंत डबा घरी येऊ लागला, तर बाजाराची हद्द एका रात्रीत बदलते. म्हणून माझ्या टिपणात बाजाराची व्याख्या अशी असते: "सप्टेंबर-ऑक्टोबर, गावापासून पंधरा-वीस किलोमीटरचा परिसर, बोंडअळीवरच्या कीटकनाशकाची चिल्लर विक्री, त्याच दिवशी मिळणारा माल."

डिजिटल प्रकरणांत आयोग बऱ्याचदा अख्खा भारत हाच परिसर धरतो. तालुका हाच बाजार, असं म्हणायचं असेल तर त्याचा पुरावा तुम्हालाच द्यावा लागेल: अंतर, पोचेचे दिवस, गिऱ्हाइकांची उत्तरं.

यूरिया या मोजणीत धरू नका. ४५ किलोच्या गोणीचा २६६ रुपये ५० पैसे हा भाव सरकारनं बांधलेला आहे. तिथे भांडण भावाचं नसतं, माल मिळण्याचं असतं.

नावं मोजू नका, मागे कोण आहे ते पाहा

बाजार ठरला की प्रत्येकाचा वाटा काढायचा. समजा चार विक्रेते आहेत आणि वाटे ४०, ३०, २० आणि १० टक्के. प्रत्येक आकड्याचा वर्ग करून बेरीज करा: १६०० अधिक ९०० अधिक ४०० अधिक १००, म्हणजे ३०००. हा हर्फिंडाल-हर्शमन निर्देशांक. एकटाच विक्रेता असेल तर तो १०,०००. कंपन्यांच्या विलीनीकरणासाठीच्या अमेरिकेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १८०० च्या वर गेलेला बाजार फार एकवटलेला समजतात. आपल्याकडे असा ठरलेला आकडा नाही. आपला कायदा विचारतो की ही कंपनी स्पर्धकांची आणि गिऱ्हाइकांची पर्वा न करता चालू शकते का. वाटा हा त्यातला फक्त एक मुद्दा. पैशाचं बळ, लोकांचं तिच्यावरचं अवलंबून असणं, नव्या माणसाला आत शिरता येतं की नाही, हेही कलम १९ मध्ये आहे.

पण आधी वाटे कशाचे मोजताय ते नीट पाहा. कपाशीच्या बियाण्यावरून आम्हाला हे चांगलं ठाऊक आहे. माझ्या रॅकवर कितीतरी कंपन्यांच्या थैल्या लागतात, रंग वेगळे, नावं वेगळी, जाहिरातीतले हिरो वेगळे. आतलं बोंडअळीरोधक जनुक मात्र एकाच घराण्यातलं, मोन्सँटोच्या भारतातल्या भागीदारीतल्या कंपनीनं परवान्यावर दिलेलं. थैल्या मोजल्या तर स्पर्धा भरपूर. जनुक मोजलं तर जवळजवळ नाहीच. आयोगानं २०१६ मध्ये याची चौकशी सुरू केली होती. जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती रद्द केली, पेटंटच्या वापराचा प्रश्न पेटंट कायद्यानंच सुटला पाहिजे, असं म्हणत. भावाचं म्हणाल तर सरकार तो दरवर्षी बांधून देतं. २०२५ च्या हंगामात बीजी-२, म्हणजे बोंडअळीरोधक कपाशीच्या, थैलीची कमाल किंमत ९०१ रुपये होती.

मोबाइलच्या दुनियेतही दोन थर वेगळे मोजा. फोनच्या कंपन्या डझनभर, पण आतली यंत्रणा बहुतेकांत अँड्रॉइड. त्या थराकडे पाहूनच आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. यूपीआयची ॲप्सही पुष्कळ आहेत, पण व्यवहारांतला सुमारे ८० टक्के वाटा फोनपे आणि गूगल पे या दोघांचा. माझ्या काउंटरवर जो डबा "रुपये प्राप्त झाले" म्हणून ओरडतो, तो बदलायचा म्हटलं तर मला काय काय पुन्हा करावं लागेल, हा प्रश्न स्पर्धेचाच आहे.

ॲप तपासायची रीत

आता मुख्य काम. ॲप फुकट असतं, त्यामुळे पाच-दहा टक्के भाववाढीची कसोटी लावायला भावच नसतो. तिथे कसोटी दर्जाची लावायची: सल्ला बिघडला, जाहिराती वाढल्या, माहिती जास्त मागू लागले, तरी लोक टिकून राहतात का? राहत असतील तर का?

दुसरं, ॲपच्या दोन बाजू असतात. इकडे कास्तकार, तिकडे विक्रेते आणि कंपन्या. कास्तकाराला पाच टक्के सूट देताना विक्रेत्याकडून किती कापतात, हे पाहिल्याशिवाय भावाबद्दल बोलू नका.

आणि तिसरं, आपलाच माल पुढे करणं. पानाचा फोटो टाका, ॲप रोग सांगतं, खाली औषध सुचवतं. ते औषध कुणाचं? हे असं तपासा. तीन फोन घ्या: एक त्या ॲपवर नेहमी खरेदी करणाऱ्याचा, एक कधीमधी वापरणाऱ्याचा, एक नव्यानं ॲप टाकलेला. गाव आणि पिनकोड एकच ठेवा, वेळ एकच. कंपनीचं नाव टाकू नका. औषधाचं शास्त्रीय नाव टाका, उदाहरणार्थ 'इमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्के एसजी'. तिन्ही फोनवर येणारी पहिली पाच नावं, त्यांचे भाव, त्यांवर 'प्रायोजित' लिहिलंय का, आणि विक्रेता कोण, हे तारखेसह टिपा. मग त्यातली एक वस्तू खरोखर मागवा आणि बिलावरचा विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक पाहा. तो क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की फर्मचं नाव दिसतं. ॲपवर 'विक्रेता' म्हणून वेगळंच नाव असतं आणि मागे ॲपच्याच घरची कंपनी निघते, असं होऊ शकतं. बियाण्याच्या दिवसांत एकदा आणि फवारणीच्या दिवसांत एकदा, असं दोनदा हे करा. एका दिवसाच्या स्क्रीनशॉटनं काही सिद्ध होत नाही.

आमच्या डाळीचंही तसंच झालं. ज्या ऑनलाइन मंचावर आम्ही विकतो, तिथे काही महिन्यांनी मंचाची स्वतःची तूरडाळ आली, त्याच वजनाच्या पाकिटांत, आणि शोधल्यावर आमच्या वर दिसू लागली. आमचं कोणतं पाकीट कोणत्या शहरात खपतं, हे त्यांना दिसत होतं आणि त्यांच्या डाळीचं आम्हाला काहीच दिसत नव्हतं. आमची माहिती वापरूनच त्यांनी डाळ आणली, असा आमच्या संचालकांचा ठाम विश्वास आहे. माझं म्हणणं, विश्वास वेगळा आणि पुरावा वेगळा. क्रमवारी बदलली याचे स्क्रीनशॉट आहेत, तेवढं ठणकावून लिहा. माहिती वापरल्याचा संशय आहे, तो संशय म्हणूनच लिहा. ते शोधून काढायला आयोगाकडे चौकशी करणारी महासंचालकांची यंत्रणा आहे, आपल्याकडे नाही.

शेवटी, सोडून जाण्याची किंमत. एका कास्तकाराला सोबत घेऊन बसा आणि विचारा: हे ॲप काढून दुसरं घेतलं तर काय जाईल? मागच्या हंगामाची नोंद? जमा झालेले पॉइंट? उधारीची मर्यादा? आमच्याकडे बहुतेकांचं घोडं शेवटच्या प्रश्नावर अडतं. कर्जाची ओळख ज्या ॲपवर तयार झाली, तिथून माणूस हलत नाही.

'ते तोट्यात विकतात'

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता लगेच विचारते, "जिओ आठवते काय?" सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, कित्येक महिने सगळं फुकट. आमच्या गावात सिमसाठी रांगा होत्या. एअरटेलनं आयोगाकडे तक्रार केली. जून २०१७ मध्ये आयोगानं ती बंद केली, कारण जिओ तेव्हा बाजारात वर्चस्व असलेली कंपनी नव्हती. कलम ४ खाली आधी वर्चस्व दाखवावं लागतं, मगच खर्चाखालचा भाव हा गैरवापर ठरतो. नव्यानं आलेला माणूस खिशातले पैसे जाळत असेल तर कायदा त्याला जाळू देतो. हे मला पूर्ण पटत नाही. ज्याच्याकडे जाळायला दुसऱ्या धंद्यातले पैसे आहेत त्याला नवखा का म्हणायचं? पण अर्ज लिहिताना कायदा आहे तसाच धरावा लागतो.

भावांची तुलना करताना आपण दुकानदारही सोयीस्कर चूक करतो. माझ्या दुकानातला भाव उधारीचा असतो. जूनमध्ये नेलेलं सामान, कापसाचा चुकारा आला की पैसे. ॲपचा भाव रोखीचा. सहा महिन्यांचं व्याज वजा केल्याशिवाय "ते माझ्याहून दहा टक्के खाली विकतात" म्हणणं खोटं आहे. रोखीचा भाव रोखीशी ताडा, आणि सोबत ठोक विक्रेत्याचं त्याच महिन्याचं बिल जोडा.

लिंकिंगबद्दलही लिहायला हवं. डीएपी खत हवं तर सोबत विद्राव्य खताच्या पिशव्या घ्या, असं वरून आमच्या गळ्यात मारतात आणि आम्ही कास्तकाराच्या. एक वस्तू घ्यायची तर दुसरी घ्यावीच लागेल, ही अट कायद्यात नावानिशी आहे: कलम ३(४) मध्ये करार म्हणून, कलम ४ मध्ये वर्चस्वाचा गैरवापर म्हणून. ॲपवर हेच दुसऱ्या रूपात येतं: कर्ज हवं तर खरेदी इथूनच, किंवा माल आमच्याकडे विकायचा तर पोचवणीही आमचीच. लिंकिंग तोंडी चालतं, म्हणून बिलावर दोन्ही वस्तू एकाच वेळी आल्याच्या तारखा हाच पुरावा. दर महिन्याची बिलं एकाखाली एक लावली की नमुना दिसतो.

आणि कृपा करून संघटनेच्या बैठकीत "या भावाखाली कुणीच विकायचं नाही" असा ठराव करू नका. भाव ठरवून घेणं हे कलम ३(३) चं सरळ उल्लंघन आहे. औषध विक्रेत्यांच्या संघटनांना आयोगानं यापूर्वी दंड केलेले आहेत. ॲपविरुद्ध अर्ज करायला निघालेली संघटना स्वतःच अडकेल.

कायदा कुठे बदलला, कुठे बदलायचा आहे

२०२३ च्या दुरुस्तीनं तीन गोष्टी आपल्या कामाच्या झाल्या. दंड आता कंपनीच्या जगभरातल्या उलाढालीवर मोजता येतो, कमाल दहा टक्के. २,००० कोटींच्या वरचा सौदा असेल आणि विकल्या जाणाऱ्या कंपनीचा भारतात भरीव कारभार असेल, तर उलाढाल कितीही कमी असली तरी आयोगाची परवानगी लागते. हे १० सप्टेंबर २०२४ पासून लागू आहे. फुकट ॲप चालवणाऱ्या कंपनीची उलाढाल कागदावर नगण्य असते आणि किंमत तिच्याकडच्या माणसांच्या माहितीची असते, म्हणून हे लागलं. तिसरं, घटना घडल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा. उशीर झाला तर कारण पटवून द्यावं लागतं.

खरी अडचण वेळेची आहे. अँड्रॉइडची तक्रार २०१८ ची, चौकशीचा आदेश २०१९ चा, दंड २०२२ चा, अपिलाचा निकाल २०२३ चा. एवढ्या हंगामांत आमच्याकडचं दुकान बंद होऊन तिथे मोबाइल रिचार्जचं दुकान निघालेलं असतं. म्हणून गुन्हा घडण्याआधीच मोठ्या मंचांना नियम घालून द्यायचे, हा विचार पुढे आला. युरोपात असा कायदा आहे, त्यातली बंधनं मार्च २०२४ पासून लागू झाली. आपल्याकडे संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीनं डिसेंबर २०२२ मध्ये तशी शिफारस केली आणि मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आला. तो अजून कायदा झालेला नाही. मसुद्यात आपलाच माल पुढे करणं, विक्रेत्यांची खासगी माहिती त्यांच्याविरुद्ध वापरणं, एकासोबत दुसरी वस्तू लादणं, या गोष्टी ठरावीक कंपन्यांना आधीच मना आहेत. कंपनी ठरवायचे निकष असे: भारतातली उलाढाल ४,००० कोटी, किंवा मंचावरून भारतात झालेली मालाची एकूण विक्री १६,००० कोटी, किंवा जागतिक उलाढाल ३० अब्ज डॉलर, किंवा जागतिक बाजारमूल्य ७५ अब्ज डॉलर, आणि त्यासोबत एक कोटी वापरकर्ते किंवा दहा हजार व्यापारी वापरकर्ते.

आमच्याकडची शेतीची ॲप्स या चाळणीतून अलगद खाली पडतील. चार जिल्ह्यांत निम्मी विक्री एकाच ॲपवर गेली तरी देशाच्या मोजपट्टीवर ते किरकोळच. या निकषांत न बसणाऱ्या कंपनीलाही आयोग यादीत घेऊ शकेल अशी तरतूद मसुद्यात आहे, पण ती आयोगाच्या मर्जीवर. आगाऊ नियम म्हणजे रामबाण, असंही नाही: यूपीआयमध्ये एका ॲपला ३० टक्क्यांची मर्यादा २०२० मध्येच जाहीर झाली, तिची मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२६ वर गेलीय.

म्हणून कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाला किंवा खासदारांना निवेदन द्यायचं तर "छोट्यांना वाचवा" असं मोघम लिहू नका. आमच्या कंपनीच्या निवेदनात मी नेमक्या मागण्या घातल्या. ठरावीक राज्यात किंवा जिल्हागटात मोठ्या झालेल्या मंचासाठी वेगळा, लहान निकष. विक्रेत्याला स्वतःच्या विक्रीची माहिती दुसऱ्या मंचावर नेण्याचा हक्क. विक्रेत्याला मंचावरून काढण्याआधी कारणासह लेखी सूचना. प्रत्येक मागणीखाली आमच्या वहीतला एक-एक प्रसंग, तारखेसह.

अर्ज

आयोगाकडे जे दाखल करतात त्याला कायद्यात 'माहिती' म्हणतात, आणि ती कुणीही देऊ शकतं. स्वतःचं नुकसान झालेलं असावंच लागतं असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये स्पष्ट केलंय. नाव गुप्त ठेवण्याची विनंती करता येते. ज्याच्याकडून माल घेतो त्याच्याविरुद्ध लिहिताना ती करावीच. शुल्क अर्जदार कोण यावर ठरतं, संघटना किंवा कंपनीच्या नावानं भरण्याआधी आयोगाच्या संकेतस्थळावरचा तक्ता पाहा.

लिहिण्याचा क्रम: तुम्ही कोण, समोरचा कोण, बाजार कोणता आणि का, त्यात त्याचं वर्चस्व कशावरून, कोणत्या तारखेला काय घडलं, कोणतं कलम, काय आदेश हवा. स्क्रीनशॉट ज्या फोनवर काढले तो फोन विकू नका; भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावं लागू शकतं. डबा फुटका आला, पैसे परत मिळाले नाहीत, असल्या गोष्टी इथे आणू नका, त्या ग्राहक आयोगाच्या.

प्रथमदर्शनी तथ्य वाटलं तर आयोग महासंचालकांना चौकशी करायला सांगतो, नाहीतर प्रकरण तिथेच बंद करतो. बंद केलं तर राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाकडे साठ दिवसांत जाता येतं. हे दिवस आदेशाची प्रत हाती आल्यापासून मोजतात, तेव्हा ती कधी आली याची नोंद आवक रजिस्टरात त्याच दिवशी करा.